गन्स अँड रोझेस, महालक्ष्मी रेसकोर्स: दादाचा तेरा वर्षांचा हट्ट एकदाचा पुरा झाला

आधीच सांगून टाकते, हा रिव्ह्यू तटस्थ वगैरे अजिबात नाहीये. ज्या अमेरिकन रॉक बँडच्या कॅसेटवर आठवीत असताना शाईपेनाने स्वतःचं नाव लिहून मी दादाचा मार खाल्लाय त्या बँडबद्दल तटस्थ कशी काय राहणार. तरी पण साउंड, पाणी, टॉयलेटची रांग, परत यायचे हाल हे सगळं लिहिते कारण पुढच्या कुठल्याही मोठ्या शोला जाणाऱ्याला उपयोगी पडेल. ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी खाली जा, मधे माझं पुराण आहे.

तर १७ मे २०२५, शनिवार. पण गोष्ट सुरू होते २०१२ ला.

९ डिसेंबर २०१२ ला गन्स अँड रोझेस बीकेसीच्या एमएमआरडीए ग्राउंडवर आले होते. मी तेव्हा नुकती पुण्यात जॉबला लागलेली, उड्या मारत सांगलीला फोन केला की दादा चल, तिकीट मी काढते. दादा म्हणाला, स्लॅश आहे का? म्हणजे त्यांचा तो टोपीवाला गिटारवाला. म्हटलं नाही. मग कसले गन्स, असं म्हणून फोन ठेवून दिला. आणि तसं बघितलं तर खोटं नव्हतं त्याचं, स्लॅश ९६ सालीच बँड सोडून गेलेला, बास वाजवणारा डफही त्याच्या मागोमाग गेला, गायक अॅक्सल रोझ तेवढा जुना आणि कीबोर्डवर डिझी रीड. गिटारवर बंबलफूट, डीजे अॅश्बा आणि रिचर्ड फोर्टस, तिघं तिघं गिटारवाले, वाईट नव्हतेच, उलट बंबलफूटची बोटं बघून मी गार पडले होते. पण तिथेही मैदानात निम्म्या पोरांच्या टीशर्टवर चित्र कोणाचं तर टोपीवाल्याचं. जो स्टेजवर नाही त्याचंच. मी जाऊन आले, घसा बसवून आले, आणि दादाला मुद्दाम दोन दिवस फोन केला नाही.

मग नोव्हेंबर २०१५ मध्ये स्लॅश स्वतः मुंबईत आला, मायल्स केनेडी या गायकाबरोबर. आता तरी दादा येणार असं वाटलं तर नेमकी तेव्हा बाबांची बायपास. म्हणजे बघा हां, एकदा गायक आला, एकदा गिटारवाला आला, दोघं एकत्र यायला २०२५ उजाडावं लागलं. २०१६ मध्ये अॅक्सल, स्लॅश आणि डफ परत एकत्र आले तेव्हापासून दादा दर वर्षी विचारायचा, इंडियाची डेट आली का गं. आणि या वेळच्या टूरचं नाव काय तर 'बिकॉज व्हॉट यू वाँट अँड व्हॉट यू गेट आर टू कम्प्लीटली डिफरंट थिंग्ज'. मी दादाला अर्थ सांगितला की जे हवं असतं आणि जे मिळतं ते पार वेगळं असतं. म्हणाला, हे आम्हाला सांगायची गरज नाही, आम्ही ऊस घालतो कारखान्याला.

शोच्या आधीचे दहा दिवस तर विचारूच नका. ७ मे ला ऑपरेशन सिंदूर, ९ ला आयपीएल थांबवली, जिकडेतिकडे कार्यक्रम पुढे ढकलल्याच्या बातम्या. १० ला युद्धविराम झाला तरी दादाचा रोज सकाळी सातला फोन, हाय का कॅन्सल? मी म्हणायचे, आहे रे बाबा आहे. खरं तर मलाही धाकधूक होती कारण तिकिटाचा आकडा मी घरी अजूनही नीट सांगितलेला नाही. जेवढा सांगितला त्यावरच नवरा म्हणाला होता, एवढ्यात आपण गोव्याला जाऊन आलो असतो.

दादा शुक्रवारी रात्री एसटीने स्वारगेटला उतरला. वय एक्कावन्न, एका गुडघ्याला नी कॅप, खांद्याला ती शाळेच्या सहलीला नेतात तशी बॅग आणि अंगात काळा टीशर्ट ज्यावरचा क्रॉस आणि कवट्या धुऊन धुऊन जवळपास गेल्या होत्या. सकाळची डेक्कन क्वीन पकडली. मी म्हणत होते एवढ्या लवकर जाऊन काय करायचं, पण ऐकेल तर शपथ. दादरला उतरून मिसळ खाल्ली, मुंबईच्या मिसळीबद्दल सांगलीचा माणूस जे बोलतो ते बोलून झालं, दुपारभर माझ्या नणंदेकडे पंख्याखाली लोळलो आणि चारच्या सुमाराला स्लो पकडून महालक्ष्मी. इथे एक टीप, कृपा करून गाडी घेऊन जाऊ नका. मेट्रो ३ तेव्हा नुकती आचार्य अत्रे चौकापर्यंतच सुरू झालेली पण तिथूनही चालणं होतंच, त्यामुळे लोकल बेस्ट होती. प्रभादेवीपासून डब्यात काळे टीशर्ट वाढायला लागले आणि महालक्ष्मीला उतरल्यावर तर जिन्यावर नुसता काळा रंग. धुणी वाळत घातलेला धोबीघाट एका बाजूला आणि एवढे सगळे काळे कपडेवाले दुसऱ्या बाजूला, मला उगाच हसायला येत होतं.

गेटवर चेकिंग. पॉवरबँक नाही, डिओ नाही, बाहेरचं खाणं नाही. आणि दादाच्या बॅगेतून निघालं काय, तर अर्धा किलो भडंग. गार्ड म्हणाला अंकल, ये अंदर नहीं जाएगा, उधर डाल दो. दादाने त्या कचऱ्याच्या ड्रमकडे असं बघितलं की जणू त्याला कोणी पोटच्या पोराला टाकून दे म्हणतंय. रांगेतून बाहेर आला, बाजूला उभा राहिला आणि पुडा फोडून खायला सुरुवात. आम्हाला बघून मागच्या रांगेतली चार पोरं हसायला लागली, त्यातला एक पुढे येऊन म्हणाला, काय ओ काका, जयसिंगपूरचं काय? झालं. पोरं निघाली कोल्हापूरची, रात्रीत ट्रॅव्हल्सने आलेली. सगळ्यांनी मिळून पाच मिनिटांत अर्धा किलोचा फडशा पाडला, आणि तिथे गेटबाहेर उभं राहून लसूण जास्त का तिखट जास्त यावर चर्चा. त्यातल्या सगळ्यात लहान पोराचा जन्म २००३ चा. 'अॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' १९८७ चा अल्बम, त्याच्या सोळा वर्षं आधीचा, आणि याला पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत क्रमाने पाठ. दादाने त्याची तोंडी परीक्षा घेतली. पास झाला.

आत गेल्यावरचं पटापट सांगते. मैदान मोठं, हवा मस्त लागते, पायाखाली सपाट आहे त्यामुळे मागे उभे असाल आणि उंची माझ्यासारखी पाच फूट एक असेल तर स्क्रीनवरच बघायचं हे मनाशी धरून चला. घामाने अंग चिकचिक. पाण्याला रांग, टॉयलेटला त्याहून मोठी रांग, बायकांच्या रांगेत मी पंचवीस मिनिटं उभी होते. एका स्टॉलवर बर्गर म्हणून जे मिळालं त्यात आतली टिक्की गार आणि पाव गरम, हे कसं साधलं ते त्यांनाच माहीत. आणि त्यात नेटवर्क गेलं की यूपीआय गेलं, पुढच्याचं पेमेंट गोल गोल फिरतंय आणि मागे शंभर जण. कॅश ठेवा. दादाकडे पाकिटात नोटा होत्या, लहान बहिणीला ऐकवायची संधी त्याने सोडली नाही.

आणि मग अंधार.

'वेलकम टू द जंगल'ची सुरुवात ज्यांना माहितीये त्यांना काय सांगायचं, ती एकटी गिटार आधी लांबून येते, घुमत घुमत, जणू विहिरीतून कोणीतरी हाक मारतंय, आणि मग सगळं एकदम अंगावर. ती पहिली हाक आली आणि माझ्या आजूबाजूची माणसं जी ओरडली, आयशप्पथ, मला स्टेजवरचं पहिलं अर्धं मिनिट ऐकूच आलं नाही. मी दादाकडे बघितलं तर हा ओरडत नव्हता, काही नाही, दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा. गावाकडे शेताला आग लागल्यावर माणूस कसा उभा राहतो तसा. मी म्हटलं बरं वाटतंय ना रे? तर म्हणतो, गप की.

आता साउंडबद्दल प्रामाणिकपणे. आम्ही साधारण मधे होतो, डावीकडे. पहिली दोन-तीन गाणी बास इतका की छातीत कोणीतरी कांडतंय असं वाटत होतं आणि आवाज खाली दबलेला, नंतर जमलं. मैदान उघडं आहे, वारा वळला की आवाज हलतो, मधेच गिटार जवळ येते मधेच लांब जाते. नंतर आम्ही साउंडवाल्यांचा जो मांडव असतो त्याच्या बाजूला सरकलो तर तिथे एकदम स्वच्छ. ही टीप कोल्हापूरच्या पोरांची, ते म्हणाले ज्या माणसाच्या हातात बटणं आहेत तो जिथे बसतो तिथेच सगळ्यात चांगलं ऐकू येणार ना ताई. बरोबर आहे. पुढे मेंढरासारखं कोंबून घेण्यापेक्षा तिथे उभे राहा.

अॅक्सलच्या आवाजावर लोक फार बोलतात म्हणून मीही बोलते. माणूस शोच्या वेळी ६३ वर्षांचा होता. ८७ साली त्या गळ्यातून जी किंकाळी निघायची ती आता तशी निघत नाही, खालच्या पट्टीतला आवाज मात्र अजून दाणेदार, आणि वरचं सगळं आम्ही पब्लिकने गाऊन दिलं. मला हे अजिबात खटकलं नाही. सवाईला आपण काय करतो? उतारवयातले बुवा वरच्या षड्जापाशी येतात, हात वर करून तो नुसता दाखवतात आणि मांडवातली माणसं आपल्या मनात लावून घेतात की तो सूर. कोणी उठून जातं का? ज्यांना ८७ चाच अॅक्सल हवा त्यांनी घरी हेडफोन लावावा. पळतो मात्र अजून, एवढ्या दमट हवेत मी नुसती उभी राहून दमले होते.

पण ज्याच्यासाठी दादा तेरा वर्षं अडून बसला होता त्याच्याविषयी सांगायचं राहिलंच.

स्लॅश बोलत नाही. दोन अडीच तासांच्या वर शो चालला, हा माणूस एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. टोपी, काळा चष्मा, केस, त्यामुळे चेहरा दिसतच नाही, म्हणजे जे काही बघायचं ते हातातच. स्क्रीनवर क्लोजअप आला तेव्हा मी नीट बघितलं, डावा हात. एका सुरावर बोट ठेवतो आणि तार वर ढकलतो, हळूहळू, आणि सूर पोचला की बोट तिथेच थरथरत ठेवतो, आणि वेळ संपली असं आपल्याला वाटतं तरी सोडत नाही. कोपरावरून घाम टपकत होता. गिटारची मान उभी वर धरलेली, पाय फाकलेले, ती लेस पॉल गिटार गुडघ्यापर्यंत खाली लोंबतेय. मधे एकट्याचा लांबलचक तुकडा वाजवला, ब्लूज, तेव्हा आमच्या शेजारचा एक जण कंटाळून बिअर आणायला निघाला. दादाने त्याला वाट दिली आणि मला म्हणाला, आपल्याकडं तासभर आलाप चालतो की, कोण उठतंय का? आणि त्यातूनच न थांबता 'स्वीट चाइल्ड'ची ती सुरावट आली. ती सुरावट म्हणे मुळात बोटं मोकळी करायला वाजवलेला धडा होता. मैदानभर मोबाइल वर. दादाचा खिशातच.

शेजारी पाच-सहा जणांचा ग्रुप होता, शिलाँगचे आणि दोघं ऐझॉलचे, त्यातली एक मुलगी अंधेरीत नोकरी करते म्हणून बाकीचे तिच्याकडे उतरलेले. या लोकांना मानलं बुवा. आपण शब्द गातो, हे लोक गिटार गातात. म्हणजे सोलो सुरू झाला की तोंडाने पूर्ण सोलो, एकही सूर न चुकता, आणि तोही दोन आवाजांत. ती मुलगी म्हणाली आमच्याकडे चर्चमध्ये गाणं शिकतो आणि घरी येऊन हे ऐकतो. 'नॉकिन ऑन हेवन्स डोअर'ला तिने माझ्या खांद्यावर हात टाकला तो गाणं संपेपर्यंत काढलाच नाही. नाव विचारायचं राहून गेलं.

मागे एक आरसीबीवाला होता, त्याच दिवशी आयपीएल परत सुरू झालेली, बंगळुरूला कोलकात्याविरुद्ध मॅच. दर दोन गाण्यांनी फोन वर धरून नेटवर्क शोधायचा. शेवटी कोणीतरी बातमी आणली की पाऊस, मॅच धुतली. तो एवढा खूश झाला की आता निवांत बघतो म्हणाला. फॅन असावा तर असा, दोन घरांचा पाहुणा.

'नोव्हेंबर रेन'. अॅक्सल पियानोवर बसला. आमच्या घरी केबल आलं तेव्हा एमटीव्हीवर हे गाणं लागायचं, तो वाळवंटातला एकटा चर्च, स्लॅश दारातून बाहेर येतो, मातीत उभा राहतो आणि वाजवायला लागतो, वायर कुठेच जोडलेली नाही. बाबा नेहमी विचारायचे, लाइट कुठून घेतलाय याने? दर वेळी. तोच विनोद. आम्ही दर वेळी चिडायचो. इथे तो पहिला सोलो सुरू झाला तसा दादा माझ्याकडे वाकला आणि बाबांच्याच आवाजात म्हणाला, लाइट कुठून घेतलाय याने? बाबा जाऊन आता सहा वर्षं होतील. मी काही बोलले नाही, तोही पुढे काही बोलला नाही, शेवटचा भाग येतो ना जिथे पाऊस कोसळतो तसं सगळं वेगळंच सुरू होतं, तिथे आम्ही दोघं नुसते समोर बघत उभे होतो, आणि माझा सगळा काजळाचा सत्यानाश.

शेवट 'पॅरडाइज सिटी'ने. तेव्हा नी कॅपवाला माणूस उड्या मारत होता, हे मी वहिनीला सांगणार नाही असं कबूल केलंय, इथे लिहिणार नाही असं नव्हतं केलं.

बाहेर पडणं हा वेगळा शो. एवढी माणसं एकाच वेळी बाहेर, टॅक्सीवाला दादरचे हजार मागतोय, आम्ही चालत स्टेशनवर आलो. प्लॅटफॉर्मवर सगळं पब्लिक अजून गातंय, लोकल आली तर मोटरमनने हॉर्न दिला आणि ती पोरं हॉर्नच्या पट्टीत पुढचं कडवं सुरू करतायत. दादरहून शिवनेरी मिळाली. एक काम करा, आपापल्या माणसांशी भेटायची जागा आधीच ठरवून ठेवा कारण फोन लागत नाही, कोल्हापूरच्या पोरांपैकी एक हरवला होता तो आम्हाला फलाटावर वडापाव खाताना सापडला. आणि कानात घालायचे बोळे न्या, मेडिकलमध्ये मिळतात, मी न्यायला विसरले आणि दोन दिवस प्रेशर कुकरची शिट्टी लांबून येत होती.

स्टार द्यायचे तर बँडला पाचपैकी पाच, अर्धा अॅक्सलच्या वयाचा कापला असता पण त्याच्या पळण्याचा परत दिला. साउंडला साडेतीन, मांडवाशेजारी चार. खाण्यापिण्याला एक, तोही भडंगाचा आहे. जुना दुसरा गिटारवाला इझी स्ट्रॅडलिन आणि जुना ड्रमर स्टीव्हन अॅडलर नव्हते त्यामुळे पूर्ण जुना बँड अजूनही बघायचा राहिलाच आहे, हे मी मुद्दाम दादासमोर बोलले नाही, उगाच परत अडून बसायचा.

ड्रमवर या वेळी नवीन माणूस, आयझॅक कार्पेंटर. २०१२ ला मी ज्याला बघितलं तो फ्रँक फेरर मार्चमध्येच बाहेर पडला. मला नवा आवडला, दमदार मारतो. शिवनेरी एक्सप्रेसवेला लागली, गाडीत सगळे झोपलेले, दादा खिडकीला डोकं टेकून इतका वेळ गप्प की मला वाटलं झोपला. खोपोलीच्या पुढे घाटात एकदम म्हणाला,

"ड्रम जरा जास्त वाटले गं."

मी म्हटलं, मग, पुढच्या वेळी नको यायला?

"तसं नाही," म्हणाला, "पुढच्या वेळी भडंग पँटच्या खिशात घालू."